पेशीच्या पडद्याचा ताण सांगणारा प्रकाश



खानदेशातल्या मुलांना केळ्याविषयी काही नवे सांगायचे म्हणजे धाडसच! रावेर, यावलकडच्या केळीच्या बागा तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीच्या असतील. हिरवेगार घड कापले जातात, पिकवण्याच्या खोलीत जातात आणि काही दिवसांत पिवळेधमक होऊन बाजारात येतात. 'जळगाव केळी'ला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण या केळ्याचा एक गुण बहुतेकांनी पाहिलेला नसतो. तो पाहायला अंधार लागतो आणि थोडे जंबुपार किरण लागतात. नोटा तपासण्यासाठी दुकानात जांभळट प्रकाशाच्या नळीचे जे छोटे यंत्र असते, त्यातून हे किरण मिळतात.

अंधाऱ्या खोलीत या नळीखाली पिकलेले केळे धरले, तर पिवळे केळे चक्क निळे चमकताना दिसते! कच्चे हिरवे केळे मात्र तसे चमकत नाही. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ बर्नहार्ड क्रॉइटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली या चमकण्याचे कारण सांगितले. केळे पिकताना सालीतील हरितद्रव्य मोडते आणि त्याच्या तुकड्यांपासून नवे रेणू बनतात. ते जंबुपार किरण शोषून घेतात आणि निळा प्रकाश बाहेर टाकतात. पुढच्याच वर्षी त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. पिकलेल्या केळ्यावर जे तपकिरी ठिपके पडतात, त्यांच्याभोवती निळ्या प्रकाशाचे ठळक कडे असते. त्या जागी सालीच्या पेशी मरत असतात.

म्हणजे पाहा, साल न कापता, पेशीला हात न लावता, नुसत्या प्रकाशावरून आपल्याला पेशीची हालहवाल कळली. आजच्या लेखात याच युक्तीची पुढची पायरी पाहायची आहे. जिवंत पेशीभोवतीचा पडदा किती ताणलेला आहे, हे प्रकाशावरून ओळखता येईल का?

वर्गातला एक प्रश्न

हा विषय मी का निवडला, ते आधी सांगतो. धुळ्याला मी पदार्थविज्ञान शिकवतो. काही वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून आलेला एक विद्यार्थी माझ्या वर्गात होता. मुलगा हुशार, पण थंडीच्या दिवसांत वरचेवर गैरहजर राही. विचारले तेव्हा कळले, की त्याला सिकलसेलचा आजार आहे. अंग दुखू लागले की चार-चार दिवस उठवत नसे.

पृष्ठताणाचा धडा चालू होता. पाण्याच्या थेंबाचा पृष्ठभाग ताणलेल्या रबरी पडद्यासारखा वागतो, असे मी सांगत होतो. तास संपल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "सर, माझ्या रक्तातली पेशी विळ्यासारखी वाकडी होते. मग तिचा पडदाही ताणला जात असेल ना? तो ताण मोजता येतो का?"

त्या वेळी मी त्याला अर्धेमुर्धेच उत्तर देऊ शकलो. उरलेले उत्तर शोधताना जे वाचले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पडदा आहे तरी कसा?

प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ पडदा असतो. त्याला पेशीपटल म्हणतात. त्याची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दोन लाखाव्या भागाइतकी असते. वहीच्या कागदाइतकी जाडी हवी असेल, तर असे सुमारे २० हजार पडदे एकावर एक रचावे लागतील!

हा पडदा मुख्यतः मेदरेणूंचा बनलेला असतो. त्यांना लिपिड म्हणतात. प्रत्येक रेणूचे डोके पाण्याची आवड असलेले आणि शेपट्या पाण्याला टाळणाऱ्या. म्हणून हे रेणू दोन थरांत उभे राहतात. डोकी दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे आणि शेपट्या आत, एकमेकींकडे तोंड करून. मधूनमधून प्रथिनांचे मोठे रेणू रोवलेले असतात. हे सगळे भिंतीतल्या विटांसारखे पक्के बसवलेले नसते. रेणू सतत सरकत असतात, जागा बदलत असतात. १९७२ साली सिंगर आणि निकोल्सन या शास्त्रज्ञांनी पडद्याचे हे वाहते चित्र मांडले आणि थोड्याफार सुधारणांसह ते आजही वापरात आहे.

पडद्याला ताण का महत्त्वाचा? रक्तातील तांबडी पेशी घ्या. तिचा व्यास ७ ते ८ मायक्रॉन. पण शरीरातील सर्वांत बारीक केशवाहिन्या काही ठिकाणी ५ मायक्रॉनांपेक्षाही अरुंद असतात. जत्रेच्या गर्दीतून अंग चोरून निघावे, तशी ही पेशी आपला आकार बदलून त्यांतून निसटते आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा बशीसारखी होते. तिच्या १२० दिवसांच्या आयुष्यात हे असंख्य वेळा घडते. तिच्याकडे पडदा थोडा जास्तीचा असतो, म्हणून तिला हे जमते. तिच्या आत जेवढा ऐवज आहे, तेवढा गोल चेंडूत भरायचा असता, तर पडदा कमी पुरला असता. जास्तीचा पडदा म्हणजे सैलपणा, आणि सैलपणा म्हणजे आकार बदलण्याची मोकळीक.

सैलपणा संपला की मात्र पंचाईत होते. पडदा रबरासारखा दुप्पट-तिप्पट ताणला जात नाही. त्याचे क्षेत्रफळ शेकडा ३ ते ५ ने वाढले, की तो फाटतो.

हा ताण केवढा?

पृष्ठताण आपण न्यूटन प्रति मीटर या एककात मोजतो. पाण्याचा पृष्ठताण साधारण ०.०७२ न्यूटन प्रति मीटर. म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर एक मीटर लांबीची रेघ कल्पिली, तर त्या रेघेला काटकोनात खेचणारे बल ७ ग्रॅमहून थोड्या अधिक वजनाइतके असते. दहा रुपयांचे नाणे साधारण तेवढेच भरते.

जिवंत पेशीच्या पडद्याचा ताण याच्या कितीतरी कमी असतो. तो पेशीपेशीत बदलतो, पण ०.०००१ न्यूटन प्रति मीटर हा आकडा अंदाजासाठी धरू. एक मीटर लांबीच्या रेघेवर तिळाच्या तीन दाण्यांच्या वजनाइतके बल! पाण्याच्या मानाने सातशे पट कमी. शिवाय पेशी स्वतः एक मीटर नव्हे, तर मीटरच्या लाखाव्या भागाइतकी. एवढा नाजूक ताण मोजायचा कसा?

फोडून पाहणे, ओढून पाहणे

पहिली रीत सर्वांत जुनी आणि सर्वांत स्वस्त. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, हे तुम्ही लोणच्याच्या दिवसांत पाहिलेच आहे. पडद्याच्या ज्या बाजूला क्षार जास्त, तिकडे पाणी ओढले जाते. याला परासरण म्हणतात. आता उलट करा. रक्ताचा थेंब अगदी कमी मिठाच्या पाण्यात टाका. पाणी पेशींच्या आत शिरते. पेशी फुगतात, जास्तीचा पडदा संपतो, ताण वाढतो आणि शेवटी पेशी फुटतात. ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात पेशी सुखरूप राहतात. ते पाणी ०.५ टक्क्याच्या आसपास पातळ केले, की काही पेशी फुटू लागतात.

आपल्या देशात थॅलसेमिया या रक्तदोषाचे वाहक शोधताना प्राथमिक चाळणीसाठी हीच युक्ती वापरली जाते. त्या चाचणीचे नाव 'नेस्ट्रॉफ्ट'. परीक्षानळीत ०.३६ टक्के मिठाचे पाणी घेतात आणि त्यात थोडे रक्त घालतात. काही वेळाने नळीमागे कागदावर ओढलेली काळी रेघ धरतात. निरोगी माणसाच्या पेशी फुटून द्राव पारदर्शक होतो आणि रेघ स्वच्छ दिसते. वाहकाच्या पेशी लहान आणि चपट्या असतात. आतल्या ऐवजाच्या मानाने त्यांच्याकडे पडदा जास्त असतो. त्यामुळे त्या पुष्कळ पाणी पिऊनही फुटत नाहीत, द्राव गढूळ राहतो आणि रेघ नीट दिसत नाही. यंत्र नाही, वीज नाही. नळी, मीठ आणि डोळे. पदार्थविज्ञानाचा इतका सोपा आणि इतका उपयोगी प्रयोग क्वचितच सापडेल.

पण या रीतीत पेशी मरते. जिवंत पेशीचा या क्षणीचा ताण कळत नाही.

दुसरी रीत ओढून पाहण्याची. काचेच्या अतिसूक्ष्म नळीने पडद्याचा थोडा भाग आत शोषून घेतात. किती दाबाने किती भाग आत आला, यावरून ताणाचे गणित मांडता येते. किंवा लेसर किरणांच्या चिमट्याने एक बारीक मणी पकडून तो पडद्याला चिकटवतात आणि दूर खेचतात. पडद्यातून कोळ्याच्या धाग्यासारखा सूक्ष्म दोरा निघतो. तो दोरा मण्याला जितक्या जोराने मागे ओढतो, तितका पडद्याचा ताण अधिक. या प्रकाशाच्या चिमट्याबद्दल आर्थर ॲश्किन यांना २०१८ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी, नोबेल पारितोषिक मिळाले.

ही रीत विश्वासाची, पण हळू. एका वेळी एक पेशी आणि तिच्यावरचीही एकच जागा. शिवाय पेशीच्या आतही अनेक पडदे असतात. तिथे मणी पोचवणार कसा? धाडायला हवा तो असा हेर, जो पडद्यात सर्वत्र शिरेल, कुणाला त्रास देणार नाही आणि बाहेर खबर पाठवत राहील.

गर्दीत सपाट होणारा रेणू

हा हेर म्हणजे एक रंगरेणू. केळ्याच्या सालीतल्या रेणूंसारखा तोही प्रकाश शोषतो आणि परत टाकतो. या गुणाला प्रतिदीप्ती म्हणतात. क्विनीनच्या द्रावणाच्या निळ्या चमकेचा अभ्यास करून जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ साली त्याला 'फ्लुओरेसन्स' हे नाव दिले. शोषलेल्या ऊर्जेतला थोडा भाग उष्णतेत जातो. म्हणून बाहेर पडणारा प्रकाश कमी ऊर्जेचा, म्हणजे अधिक तरंगलांबीचा असतो. जंबुपार किरण आत गेले, निळा प्रकाश बाहेर आला, तो यामुळे.

स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा विद्यापीठात स्टेफान मातिले या रसायनशास्त्रज्ञांनी ताणाची खबर देणारे रेणू घडवले. ही कल्पना सुचायला निसर्गाचे एक उदाहरण उपयोगी पडले. कोळंबी किंवा शेवंड शिजवली की लाल होते. जिवंतपणी तिचे रंगद्रव्य एका प्रथिनाच्या पकडीत असते. शिजताना पकड सुटते आणि रंग बदलतो. रेणू तोच, पण भोवतालची पकड बदलली की रंग वेगळा!

मातिले यांच्या रेणूचे दोन सपाट भाग मधोमध एका बंधाने जोडलेले आहेत. देवमाशाच्या वल्ह्यासारख्या परांना इंग्रजीत फ्लिपर म्हणतात, त्यावरून या रेणूंना 'फ्लिपर' हे नाव पडले. मोकळ्या जागेत हे दोन पर एकमेकांशी पिळलेले असतात. भोवती दाटी झाली की ते दाबले जाऊन एका पातळीत येतात.

धुळे–जळगाव एसटीत उभ्याने प्रवास केला असेल, तर हे लगेच कळेल. बस रिकामी असते तेव्हा आपण पाय फाकवून, हात पसरून ऐसपैस उभे राहतो. एरंडोलला गर्दी चढली की हात आपोआप अंगालगत येतात आणि माणूस फळीसारखा सरळ होतो. कोण किती ऐसपैस उभा आहे हे पाहून बसमधली गर्दी सांगता येईल. फ्लिपर रेणू मेदरेणूंच्या गर्दीत असाच उभा असतो. तो निळसर प्रकाश शोषतो आणि नारिंगी-तांबडा प्रकाश देतो.

किती उजळ नव्हे, किती वेळ

आता तुम्ही म्हणाल, मग प्रकाश किती उजळ आहे ते मोजले की काम झाले! तसे करून चालत नाही. पडद्याच्या एका भागात रंगरेणू जास्त शिरले आणि दुसऱ्या भागात कमी, तर उजेड त्यामुळेही बदलेल. ताण कोणता आणि रंगाची गर्दी कोणती, ते ओळखणार कसे?

म्हणून उजेड मोजत नाहीत, वेळ मोजतात. प्रकाश शोषल्यावर रेणू तो लगेच परत देत नाही. काही नॅनोसेकंद थांबतो. सेकंदाचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशाचा किरण, जो सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो, तो फक्त ३० सेंटिमीटर जातो. तुमच्या दप्तरातल्या पट्टीएवढे अंतर!

शाळा सुटल्याची घंटा झाली की मुले बाहेर पडू लागतात. शाळेत ५०० मुले असोत की ५०, किती वेळात शंभरातील ६३ मुले बाहेर पडली, हे पाहिले तर एकूण पटाशी त्याचा संबंध राहत नाही. प्रकाश शोषलेल्या रेणूंचेही तसेच. त्यांच्यापैकी शेकडा ६३ रेणूंनी प्रकाश देऊन टाकायला जो वेळ लागतो, त्याला प्रतिदीप्तीचे आयुष्य म्हणतात. पिळलेला फ्लिपर लवकर मोकळा होतो, दाबून सपाट झालेला फ्लिपर प्रकाश जास्त वेळ धरून ठेवतो. पेशीच्या पडद्यात हे आयुष्य साधारण ३ ते ६ नॅनोसेकंदांच्या दरम्यान असते आणि ताण बदलला की ते नॅनोसेकंदाच्या काही दशांशांनी सरकते.

एवढा फरक टिपणारी घड्याळे आता प्रयोगशाळांत आहेत. लेसरचे क्षणिक झोत सेकंदाला काही कोटी वेळा पेशीवर टाकतात. परत येणाऱ्या प्रत्येक फोटॉनने झोतानंतर किती वेळ घेतला, याची नोंद होते. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यासाठी असे पुष्कळ फोटॉन मोजून त्या जागेचे आयुष्य काढतात आणि त्यानुसार संगणक ठिपक्याला रंग देतो. नकाशावर जसे उंच-सखल भाग रंगांनी दाखवतात, तसा पेशीचा नकाशा तयार होतो.

उत्तराची उलटतपासणी

आता नीट लक्ष द्या. या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे.

फ्लिपर रेणूला ताण कळतो का? नाही! त्याला फक्त आपल्या शेजाऱ्यांची दाटी कळते. दाटीवरून ताण ओळखायचा, हे आपले अनुमान. आणि अनुमान तपासल्याशिवाय स्वीकारायचे नाही, हा विज्ञानाचा नियम.

तुमचे अनुमान काय? पडदा ताणला की रेणू एकमेकांपासून दूर होतील, दाटी कमी होईल, फ्लिपर पिळलेला राहील आणि आयुष्य घटेल. मीही असेच म्हटले असते. मातिले आणि त्यांचे सहकारी ओरेलियाँ रू यांच्या गटाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या कामात हे तपासून पाहिले. एकाच जातीच्या मेदरेणूंची कृत्रिम पिशवी बनवून ती ताणली, तेव्हा खरोखरच आयुष्य घटले.

पण अनेक जातींचे मेदरेणू मिसळलेल्या पिशवीत उलटे झाले! ताण वाढवला, तसे आयुष्य वाढले. जिवंत पेशींतही तेच दिसले. कारण असे, की मिश्र पडदा ताणला की त्यातले काही रेणू आपापले गट करून दाट बेटांसारखे एकत्र येतात. या बेटांतले फ्लिपर जास्त दाबले जातात.

मग शास्त्रज्ञांनी भरवसा कशावर ठेवला? त्यांनी दुसरी, स्वतंत्र साक्ष काढली. पेशींभोवतीच्या पाण्यातील क्षार कमी-जास्त करून ताण बदलला. त्याच वेळी पडद्यातून दोरा ओढून बल मोजले आणि रंगाचे आयुष्यही मोजले. दोन्ही आकडे जोडीने वाढले, जोडीने घटले. तेव्हा कुठे म्हणता आले, की या पेशीत, या परिस्थितीत, एवढे आयुष्य म्हणजे एवढा ताण. तापमापीवर खुणा करण्यापूर्वी ती वितळत्या बर्फात आणि उकळत्या पाण्यात धरावी लागते ना? तसेच हे.

पेशी आपला ताण सांभाळते

ताण मोजता येऊ लागल्यावर काय कळले, त्याचे एक उदाहरण आपल्याच देशातले आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सत्यजित मेयर यांची प्रयोगशाळा होती. त्यांचे एम.एस्सी.चे शिक्षण मुंबईच्या आयआयटीत रसायनशास्त्रात झाले. त्यांच्या गटाने बंगळूरच्याच रामन संशोधन संस्थेतील आणि बार्सिलोनातील सहकाऱ्यांबरोबर २०१८ साली एक काम प्रसिद्ध केले. लवचिक पत्र्यावर वाढवलेल्या पेशी त्यांनी पत्र्यासह ताणल्या आणि मग सैल सोडल्या. सोडल्यावर पडदा ढिला पडतो. तेव्हा पेशी पडद्याचे बारीक तुकडे भराभर आत ओढून घेऊ लागते. ताण वाढवला की हे आत ओढणे मंदावते. बैलगाडीवर ओझे बांधताना दोर ढिला पडला की आवळावा आणि जास्त ताणला की सोडावा, तशी पेशी आपला पडदा राखते. या कामात ताण मोजायला प्रकाशाच्या चिमट्याचीच मदत घेतली होती. जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान एकाच टेबलाशी बसले, की असे प्रश्न सुटतात.

आता त्या मुलाला काय सांगू?

सिकलसेलमध्ये हीमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागेवर एक अमिनो आम्ल बदललेले असते. एवढ्याशा बदलाने, प्राणवायू कमी झाला की हीमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या बनतात. पेशी विळ्यासारखी होते, ताठ होते आणि केशवाहिनीत अडकते. तिथून पुढचा रक्तपुरवठा अडला, की तीव्र वेदना होतात. असे पुन्हा पुन्हा घडले की पेशीतले पाणी जाते, पडद्याचे कण गळून पडतात, आणि १२० दिवसांऐवजी पेशी १० ते २० दिवसच जगते.

तर त्याच्या प्रश्नाचे उत्तर असे. होय, आतल्या काड्या पडद्याला ढोसतात आणि त्याचा आकार बिघडवतात. होय, पडद्याचा ताण मोजता येतो. पण फ्लिपर रंग घालून लगेच उत्तर मिळेल, असे मात्र समजू नकोस. सिकल पेशीच्या पडद्यात मेदरेणूंची मांडणीही बिघडलेली असते; आतल्या थरात राहायचे काही रेणू बाहेरच्या थरात येतात. मग रंगाचे आयुष्य बदलले ते ताणामुळे, की शेजारी बदलल्यामुळे? एकट्या प्रकाशावरून हे सांगता येणार नाही. जोडीला दुसरी साक्ष हवीच. हा रंग प्रयोगशाळेतले साधन आहे. तो रोग बरा करत नाही आणि रुग्णालयात निदानासाठीही वापरत नाहीत.

निदानाची सोय मात्र आज आहे आणि ती साधी आहे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन विद्राव्यता चाचणी करतात. तीत दोष दिसला, तर पुढची तपासणी करून रोगी की वाहक ते ठरवतात. आपल्या धुळे, नंदुरबार भागातील आदिवासी समाजात हा दोष बराच आढळतो. नागपूरकडच्या सिकलसेलविषयी शुक्ल आणि सोळंकी यांनी १९५८ साली लिहिले, तेव्हापासून महाराष्ट्रातला हा प्रश्न वैद्यकाला ठाऊक आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा रोग होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून तुमच्या शाळेत तपासणीचे पथक आले, तर सुईला घाबरून मागच्या बाकावर लपू नका. वाहक असणे हा आजार नव्हे आणि त्यात लाजण्यासारखे तर काहीच नाही. आणि वर्गातला एखादा मित्र थंडीत वरचेवर गैरहजर राहत असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी विचारपूस करा. मीही आता आधी तेच करतो.

करून पाहा

१. बटाट्याच्या सारख्या आकाराच्या चार लांब फोडी करा. दोन साध्या पाण्यात आणि दोन मिठाच्या घट्ट पाण्यात तासभर ठेवा. मग वाकवून पाहा. कोणत्या ताठ, कोणत्या लुळ्या? बटाट्याच्या पेशीला पडद्याबाहेर भिंतही असते, म्हणून ती साध्या पाण्यात फुटत नाही. रक्ताच्या पेशीला भिंत नसते.

२. चिमूटभर हळद एका वाटीत पाण्यात आणि दुसऱ्या वाटीत गोडेतेलात कालवा. थोड्या वेळाने अंधारात नोटा तपासण्याच्या दिव्याखाली दोन्ही पाहा. हळद तीच, पण चमक सारखी आहे का? रेणूचा भोवताल बदलला की त्याचा प्रकाश कसा बदलतो, हे तुम्हाला डोळ्यांनी दिसेल.

३. हिरवे, पिवळे आणि ठिपके पडलेले अशी तीन केळी त्याच दिव्याखाली धरा. फरक वहीत लिहून ठेवा.

दिवा वापरताना मोठे माणूस बरोबर असू द्या आणि त्याच्याकडे सरळ डोळे लावून पाहू नका. प्रयोग झाल्यावर केळी मात्र खाऊन टाकायला हरकत नाही!